क्ष कुणाला धरायचं? दोन ठिकाणच्या व्याजाचं गणित

देवगडहून एका ताईंनी दोन प्रश्न एकदम पाठवले आहेत. पहिला त्यांच्या मुलीचा. ती दहावीला आहे आणि हे उदाहरण तिला सुटत नाही: एका बागायतदाराने आंब्याचे 2,40,000 रुपये दोन ठिकाणी गुंतवले, काही द.सा.द.शे. 7 दराने आणि उरलेले द.सा.द.शे. 9 दराने. वर्षाअखेर एकूण 18,600 रुपये सरळव्याज मिळालं, तर कुठे किती ठेवले? सूत्र तिला पाठ आहे, पण समीकरण मांडता येत नाही. मग आकडे घालून बघत बसते. दुसरा प्रश्न ताईंचा स्वतःचा. सासऱ्यांचे 10 लाख पोस्टात ठेवायचे आहेत, थोडे एमआयएसमध्ये, म्हणजे मासिक उत्पन्न योजनेत, 7.4 टक्क्यांनी, थोडे ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत 8.2 टक्क्यांनी. वर्षाला 85,000 व्याज हवं, तर वाटणी कशी करायची?

मी तीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली आणि निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मुलांचं गणित घेतो. मला विचाराल तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. फरक इतकाच की पहिल्याचं उत्तर पुस्तकाला शोभेल असं येतं आणि दुसऱ्याचं येत नाही. आधी मुलीचं बघू.

ती आकडे घालून बघते म्हणून तिला रागावू नका. तिचा अंदाज वाया जात नाही, फक्त तो कुठून सुरू करायचा हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला म्हणावं, सगळेच्या सगळे 2,40,000 रुपये 7 टक्क्यांनी ठेवले असं धर. व्याज येईल 16,800. मिळालंय 18,600. म्हणजे 1,800 रुपये कमी पडले. आता 7 टक्क्यांतला एक रुपया उचलून 9 टक्क्यांत ठेवला, तर वर्षाला 2 पैसे जास्त मिळतात. 1,800 रुपये जास्त मिळायला किती रुपये उचलावे लागतील? 1,800 भागिले 0.02, म्हणजे 90,000. झालं उत्तर. 9 टक्क्यांत 90,000, आणि 7 टक्क्यांत उरलेले 1,50,000. ताळा करा: 8,100 आणि 10,500, बेरीज 18,600.

यात क्ष कुठेच आला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत इष्टकर्म म्हणून जी रीत आहे, तिच्याच कुळातली ही युक्ती: सोयीची संख्या धरायची, चुकेल तेवढी दुरुस्त करायची. पूर्वी आमच्या शाखेत भाजी विकून आलेल्या एक मावशी पैसे भरायच्या. त्यांना मी एकदा हौसेनं कागदावर समीकरण मांडून दाखवायला गेलो, तर म्हणाल्या, "माका तुमचो क्ष नको, रुपये सांगा." त्यांना मी याच रीतीने सांगितलं आणि पुढचं त्यांनी बोटांवर केलं.

पण परीक्षेत समीकरण मांडावंच लागतं, आणि अट जरा वाकडी झाली की अंदाज पुरा पडत नाही. म्हणून आता क्ष.

मुलं चुकतात ती नेमकी कुठे? इतक्या वह्या तपासल्या, त्यांत सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक ही आहे:

7क्ष + 9य = 2,40,000

बघायला किती नीटनेटकं समीकरण! दोन चलं आहेत, दोन दर आहेत, एकूण रक्कमही आहे. पण डावीकडे व्याज आहे आणि उजवीकडे मुद्दल. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघितला असेल तर लगेच कळेल. पापलेटच्या 4 पाट्या आणि बांगड्याच्या 10 पाट्या, मिळून 14 पाट्या, हा एक हिशोब. पापलेटचे इतके रुपये, बांगड्याचे इतके, मिळून इतके, हा दुसरा. दोन्ही हिशोब खरे, पण पाट्यांच्या बेरजेसमोर कुणी रुपयांचा आकडा लिहीत नाही. इथेही तसंच. मुद्दल आणि मुद्दल मिळून मुद्दल, व्याज आणि व्याज मिळून व्याज. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे 'ठेवले', उजवीकडे 'मिळाले'. डावीकडच्या रकान्यातून एक समीकरण, उजवीकडच्यातून दुसरं. माझ्याकडच्या मुलांना पहिला महिनाभर मी ही रेघ मारल्याशिवाय पेन पुढे नेऊ देत नाही.

क्ष धरायचा तो 'ठेवले' या रकान्यात. समजा 7 टक्क्यांनी ठेवले क्ष रुपये. मग 9 टक्क्यांनी किती? इथे मुलं पटकन य लिहितात. चालेल, पण (2,40,000 − क्ष) लिहिलं तर काम निम्मं होतं. खिशात 2,40,000 होते, त्यातले क्ष दिले, उरले ते हे. आता 'मिळाले' चा रकाना:

(क्ष × 7)/100 + ((2,40,000 − क्ष) × 9)/100 = 18,600

दोन्ही बाजूंना 100 ने गुणून:

7क्ष + 21,60,000 − 9क्ष = 18,60,000

म्हणून 2क्ष = 3,00,000 आणि क्ष = 1,50,000.

इथे थोडं थांबतो, कारण 100 ने गुणताना एक हमखास अपघात होतो. डावीकडचे छेद गेले की मुलांना वाटतं काम झालं, आणि उजवीकडे 18,600 तसेच राहतात. मग उत्तर येतं क्ष = 10,70,700. तेही मुलगा शांतपणे चौकटीत लिहितो! अरे, बागायतदाराकडे एकूण होते 2,40,000, त्यातल्या एका भागात पावणेअकरा लाख कुठून आले? वजाबाकीतली चूक मी सोडून देतो. हा आकडा बघून ज्याला काहीच वाटत नाही, त्याला मात्र परत बसवतो.

दोन चलं घेऊन करायचं असेल तर दोन समीकरणं अशी:

क्ष + य = 2,40,000
7क्ष + 9य = 18,60,000

दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण. पहिल्याला 7 ने गुणा, 7क्ष + 7य = 16,80,000, आणि दुसऱ्यातून वजा करा: 2य = 1,80,000, म्हणून य = 90,000. आता हे 16,80,000 नीट बघा. सुरुवातीला आपण 'सगळे 7 टक्क्यांनी ठेवले' असं धरलं तेव्हा आलेलं 16,800 तेच, फक्त शंभरपट. म्हणजे क्ष चा लोप करणं आणि मावशींना सांगितलेली युक्ती या दोन रीती नाहीतच. मुलीला हे एकदा दाखवा. तिचा अंदाज आणि तिच्या बाईंचं समीकरण यांत भांडण नाही, हे तिला कळू दे. क्रेमरच्या पद्धतीनेही सुटेल, पण प्रश्नात तसं सांगितलेलं नसेल तर निश्चयक मांडत बसू नये. कोळंबी सोलायला कोयता लागत नाही.

अटीची भाषा बदलली तरी रेघ तीच. 'दुसऱ्या ठिकाणची रक्कम पहिल्याच्या दुपटीपेक्षा 20,000 ने कमी आहे. पहिलीवर 8 टक्के, दुसरीवर 6 टक्के, वर्षाचं व्याज 10,800.' 'ठेवले' मध्ये क्ष आणि (2क्ष − 20,000). 'मिळाले' मध्ये 8क्ष + 6(2क्ष − 20,000) = 10,80,000. क्ष येतो 60,000, दुसरी रक्कम 1,00,000. 'कमी आहे' कुणापेक्षा, तेवढं दोनदा वाचायचं. (20,000 − 2क्ष) लिहिणारे प्रत्येक बॅचला दोघे-तिघे असतातच.

मुदतीचं मात्र सावकाश सांगायला हवं, कारण तिथे आपल्याकडे बोलीभाषाच गोंधळ घालते. पुस्तकातला दर द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा. गावात कुणी "दोन टक्क्यानं पैसे उचलले" म्हणाला की ते महिन्याचे दोन टक्के असतात. सालाचे 24 झाले. म्हणून दर आणि मुदत यांचं माप एकच करून घ्यायचं: दर सालाचा असेल तर महिन्यांना 12 ने भागा, दिवसांना 365 ने. हे सांगणारा मीसुद्धा एकदा फळ्यावर घसरलो आहे. दर 12, मुदत 8 महिने, आणि मी सरळ 12 × 8 करून मोकळा. व्याज मुद्दलाला टेकलं. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, ह्यो सावकार खंयचो?" अख्खा वर्ग हसला. त्यानंतर त्या बॅचमध्ये महिन्यांना 12 ने भागायला कुणी विसरलं नाही.

दिवसांच्या हिशोबासाठी बँकेतली एक जुनी गोष्ट सांगतो. संगणक यायच्या आधी लेजरवर व्याज काढताना आम्ही 'प्रॉडक्ट' काढायचो. शिल्लक किती आणि ती किती दिवस राहिली, यांचा गुणाकार. असे सगळे गुणाकार बेरजेला घ्यायचे, दराने गुणायचे आणि 36,500 ने भागायचे. हे 36,500 म्हणजे 365 गुणिले 100, दुसरं काही नाही. त्यावरून एक सोपी खूण लक्षात राहते: 36,500 रुपयांवर जितके टक्के, तितके रुपये रोजचं व्याज. 1 जून ते 31 जुलै अशा 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत जाळी दुरुस्त करायला कुणी 36,500 रुपये 12 टक्क्यांनी घेतले, तर रोजचे 12 रुपये, 61 दिवसांचे 732. तेच पैसे बाहेरून 'दोन टक्क्यानं' घेतले तर दोन महिन्यांचे 1,460, जवळपास दुप्पट. शेजारच्या खलाशाच्या मुलाला हे उदाहरण घातलं तेव्हा त्याने न सांगता घरी जाऊन वडलांचा कागद काढून बघितला.

आता एक असा प्रकार, जिथे हुशार मुलंही अडकतात. 'एका रकमेची सरळव्याजाने 3 वर्षांत रास (मुद्दल अधिक व्याज) 31,000 आणि 5 वर्षांत 35,000 होते, तर मुद्दल व दर काढा.' मुलं म आणि द धरतात आणि म × द असा गुणाकार समोर आला की गडबडतात, कारण दोन अज्ञातांचा गुणाकार आला की समीकरण रेषीय राहत नाही. इथे दराला अक्षर देऊच नये. एका वर्षाच्या व्याजाला द्यावं. मुद्दल म, वर्षाचं व्याज व:

म + 3व = 31,000
म + 5व = 35,000

वजा केलं की 2व = 4,000, व = 2,000, म = 25,000. दर शेवटी: 25,000 वर 2,000, म्हणजे 8 टक्के. सरळव्याजात दर वर्षी तेवढीच भर पडते, म्हणून हे जमतं. चक्रवाढीला ही रीत लागू नाही. आणि अक्षर कुणाला द्यायचं हे आपण ठरवायचं असतं. उदाहरणात जे विचारलंय त्यालाच क्ष धरलं पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

मुलीला हे पचलं की तिला भास्कराचार्यांचं एक उदाहरण घाला. लीलावती इसवी सन 1150 ची, आणि व्याजाची उदाहरणं तिच्यात आहेत. त्यातलं एक असं: 94 निष्क, म्हणजे त्या काळची नाणी, तीन भागांत व्याजाने दिले. पहिला भाग शेकडा 5 ने, दुसरा 3 ने, तिसरा 4 ने, आणि हा दर आपल्या गावच्या बोलीसारखाच महिन्याचा! पहिल्याला 7 महिने झाले, दुसऱ्याला 10, तिसऱ्याला 5, आणि तिन्हींवर व्याज सारखंच मिळालं. तर भाग कोणते?

तीन भागांना तीन अक्षरं देऊन बसलं तर वेळ जाईल. इथेही सारखं काय आहे ते बघायचं. व्याज. त्याला व म्हणू. पहिल्या भागावर 7 महिन्यांत शेकडा 35, म्हणून तो भाग 100व/35. दुसऱ्यावर शेकडा 30, म्हणून 100व/30. तिसऱ्यावर शेकडा 20, म्हणून 100व/20. म्हणजे भागांचं प्रमाण 1/35 : 1/30 : 1/20. प्रत्येकाला 420 ने गुणा, 12 : 14 : 21 होतं. बेरीज 47, आणि 94 म्हणजे त्याची दुप्पट. भाग आले 24, 28 आणि 42. ताळा असा: 24 × 35, 28 × 30 आणि 42 × 20, तिन्हींचं उत्तर 840. आठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं गणित आहे, पण आकडे इतके चोख निवडलेत की सोडवणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं.

आता ताईंचा प्रश्न. पोस्टाच्या या दोन्ही योजनांना सरळव्याजाचं गणित तंतोतंत बसतं. एमआयएसचं व्याज दर महिन्याला आणि ज्येष्ठांच्या योजनेचं दर तिमाहीला हातात येतं, आणि ते उचललं नाही तरी त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. बँकेच्या मुदत ठेवीत व्याज आत ठेवलं तर सहसा तिमाहीला चक्रवाढ होतं, म्हणून तिथे पुस्तकातलं सूत्र थेट लावू नये.

तर ज्येष्ठांच्या योजनेत क्ष रुपये, एमआयएसमध्ये (10,00,000 − क्ष). 'मिळाले' च्या बाजूला:

0.082क्ष + 0.074(10,00,000 − क्ष) = 85,000

74,000 + 0.008क्ष = 85,000, म्हणून क्ष = 11,000/0.008 = 13,75,000. आणि एमआयएसमध्ये वजा 3,75,000!

समीकरण मांडताना काही चुकलं नाही. वजा आलेली रक्कम एवढंच सांगते की या दोन योजनांत 10 लाखांची वाटणी कशीही केली तरी 85,000 येणार नाहीत. हे समीकरण न मांडताही दिसू शकतं. 10 लाखांवर 85,000 म्हणजे 8.5 टक्के. 7.4 आणि 8.2 यांचं कितीही मिश्रण केलं तरी सरासरी त्यांच्या मधेच कुठेतरी पडणार, 8.2 च्या वर जाऊच शकत नाही. मुलीच्या उदाहरणात हीच सरासरी 7.75 होती, 7 आणि 9 च्या मधली, म्हणून उत्तर निघालं. 78,000 मागितले असते तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे असं सुरेख उत्तर आलं असतं: 41,000 आणि 37,000.

आता तुम्ही म्हणाल, एका ओळखीच्याने 10 टक्के देणारी जागा सांगितली आहे, थोडे तिथे टाकले की जमेल. आकड्यांत जमेलच. काउंटरवर असताना असा आग्रह धरून मोडलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या मी माझ्या हाताने रद्द केल्या आहेत, आणि त्यातले काही जण पुढे मुद्दल कुठे गेलं ते विचारायला परत आले होते. समीकरणात 10 टक्के लिहायला काही लागत नाही, ते देणारा माणूस वर्षअखेर जागेवर असला पाहिजे.

त्यापेक्षा प्रश्न उलटा करा. वाटणीचा विचार सोडा, सासऱ्यांचं वय साठच्या पुढे आहे तर सगळी रक्कम ज्येष्ठांच्याच योजनेत ठेवा. तिथली मर्यादा 30 लाखांची आहे, तुम्ही तिच्या खूप आत आहात. व्याज येईल 82,000, तिमाहीला 20,500. नेमके 85,000 हवेच असतील तर क्ष आता मुद्दलाला: 0.082क्ष = 85,000, क्ष = 10,36,585 आणि वर काही पैसे. ठेव हजाराच्या पटीत घेतात, म्हणून 10,37,000. त्यावर वर्षाला 85,034. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण ज्या दिवशी पैसे ठेवाल त्या दिवसाचा दर पाच वर्षं टिकतो, तेव्हा जाण्याआधी पोस्टात विचारून 0.082 च्या जागी तो आकडा घाला. कमी पडतात ते 37,000 रुपये. या मोसमाच्या पेट्यांचे पैसे वाशीहून आले की त्यातून निघतात का बघा, आणि हा शेवटचा भागाकार मुलीकडूनच करून घ्या.